एका सालाचा निवाडा

नागपूर हे मूळचे राजधानीचे शहर. भोसल्यांच्या दरबारापासून १८६१ साली स्थापन झालेल्या मध्यप्रांताच्या सचिवालयापर्यंत ज्या नगरीत फिर्यादी, कैफियती, दाखले आणि फैसले यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या नगरीच्या रहिवाशाला कोणत्याही विषयाचा निवाडा झाल्यावाचून चैन पडू नये, यात नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. १ मे १९६० रोजी नव्या महाराष्ट्राची राजधानी मुंबई ठरली. आणि १९५३ च्या नागपूर करारातील वचनाप्रमाणे वर्षातून एकदा हिवाळी अधिवेशनापुरते सरकार या गावी मुक्कामाला येऊ लागले. परंतु दप्तरे हलली तरी कज्जे काढण्याची आणि ते तडीस नेण्याची हौस हलली नाही. सीताबर्डीच्या पानठेल्यांवर, महालातील वाड्यांच्या ओट्यांवर आणि धरमपेठेतील बैठकींत साठीच्या दशकात जे कज्जे साल दरसाल चालत, त्यांतील एक असा असे की, सरत्या सालातील उत्तम संगीत कोणते मानावे?

हा प्रश्न वरकरणी फावल्या वेळेचा वाटतो. परंतु तो विचारण्याची प्रथा कशी पडली, तो विचारणाऱ्यापाशी कोणती साधने होती आणि १९६७ या सालाने त्या प्रथेची परीक्षा कशी पाहिली, याचा मागोवा घेतला असता एका शहराच्या श्रवणसंस्कृतीचाच इतिहास हाती येतो. १९६७ हे साल निवडण्यास कारण आहे. पाश्चात्त्य देशांत रसिक आणि समीक्षक आजही त्या एका सालातील ध्वनिमुद्रिकांची प्रतवारी लावण्यात गुंतलेले असतात. त्याच साली आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीत, मराठी रंगभूमी, शासकीय पारितोषिके आणि आकाशवाणी या चारही ठिकाणी असे काही घडले की, त्याचा एकत्र विचार केल्यावाचून पुढील काळाचा उलगडा होत नाही. आणि या घटनांपैकी निदान दोहोंचा संबंध थेट नागपूरशी पोहोचतो.

प्रथम साधनाचा विचार करू. ग्रामोफोनची तबकडी हा विलायती जिन्नस असल्याची सार्वत्रिक समजूत असली, तरी विदर्भाच्या दृष्टीने ती पूर्णतः परकी नव्हती. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाख, खनिजांची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून घडे; आणि जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा भाग हिंदुस्थानच्या अरण्यांतून जात असे. पळस, कुसुम आणि बोर या वृक्षांच्या फांद्यांवर लाखेच्या किड्यांनी साठविलेला तो रस गोळा करून विकणे हा मध्य हिंदुस्थानातील अनेक वनवासी कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार होता, आणि भंडारा-गोंदियाकडील जंगलांचाही त्या उत्पन्नात वाटा होता. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले आणि १९२८ पासून त्याच शहराजवळील दमदमच्या कारखान्यात तबकड्या घडू लागल्या, तेव्हा पळसाच्या झाडाने गाण्याला देह देण्याचे काम आधीच पत्करलेले होते.

या देहाची मर्यादा हीच गाण्याची मर्यादा झाली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांहून अधिक काही मावत नसे. त्यामुळे ख्यालाला आपला विस्तार आवरावा लागला, नाट्यपदाला पुनरावृत्ती टाकावी लागली, आणि भावगीत व चित्रपटगीत हे दोन प्रकार तर याच मापात जन्मास आले. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली आणि पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ती आपल्याकडे अवतरली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत राहू शके. तथापि तिचा लाभ आरंभी मुख्यतः शास्त्रीय गायन-वादनाला झाला. चित्रपटातील गाणी साठीच्या दशकातही बहुतांशी ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर किंवा चार गाण्यांच्या ई.पी.वर विकली जात. परिणामी ज्याला विलायतेत आल्बम म्हणत, म्हणजे एका कल्पनेने बांधलेला, आरंभ, मध्य आणि अंत असलेला सलग संच, तो येथील श्रोत्याच्या व्यवहारात जवळजवळ नव्हताच. त्याच्या जागी एका चित्रपटाची सगळी गाणी हे परिमाण होते. ‘यंदाचे उत्तम काय?’ या प्रश्नाचे उत्तर नागपूरकर चित्रपटाचे अथवा नाटकाचे नाव सांगून देई. तबकडीचा क्रमांक सांगून देत नसे.

आणि तबकडी तरी किती जणांपाशी होती? कारकुनाच्या, शाळामास्तराच्या किंवा एम्प्रेस मिलमधील कामगाराच्या वेतनात ग्रामोफोन आणि तबकड्यांचा संग्रह बसणारा नव्हता. गाणे कानी पडे ते गणेशोत्सवातील आणि लग्नघरातील भोंग्यांवरून, उपाहारगृहांतून आणि मुख्यत्वेकरून रेडिओवरून; रेडिओ बाळगण्यासही टपाल कचेरीत सालीना पंधरा रुपये भरून परवाना घ्यावा लागे. म्हणजे वाद घालणाऱ्या बहुतेकांना ज्या गाण्याविषयी वाद घालावयाचा ते गाणे हवे तेव्हा ऐकण्याची सोय नव्हती. दोन अंतऱ्यांमधील व्हायोलिनचा तुकडा, गायिकेने एका शब्दावर घेतलेली हरकत, तालातील एखादा आडवळणी ठेका, हे सर्व स्मरणातून उभे करावे लागे आणि प्रतिपक्षाने शंका घेतली तर गुणगुणून सिद्ध करावे लागे. ज्याचे स्मरण कच्चे त्याचा दावा फेटाळला जाई. आज गाणे खिशातील यंत्रावर क्षणात वाजविता येत असल्यामुळे स्मरणाला ही मेहनत उरलेली नाही. त्या पिढीला मात्र दारिद्र्याने ऐकावयास शिकविले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

सालाची प्रतवारी लावण्याची प्रथा मात्र श्रोत्यांनी निर्माण केलेली नव्हे. ती व्यापाराने निर्माण केली. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. परंतु १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाल्यावर त्यांनी अभिजात संगीताला अग्रस्थान देण्याच्या हेतूने चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. हेतू उदात्त होता. परिणाम इतकाच झाला की, श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिंहलद्वीपाकडे फिरविला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर एका दंतमंजनाच्या आश्रयाने ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि अमीन सयानी यांच्या आवाजात दर बुधवारी रात्री गाण्यांचे क्रमांक जाहीर होऊ लागले. दुकानांतील खप आणि श्रोतासंघांची पत्रे यांच्या आधारे हे क्रमांक ठरत. वर्षाअखेरीस साऱ्या सालाची यादी निघे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारने विविध भारती सुरू करून हद्दपारी मागे घेतली. परंतु तोवर सालाच्या शेवटी निकाल ऐकण्याची सवय घराघरांत मुरली होती.

निकाल लागला की अपील आलेच. यादी मान्य करण्यासाठी नागपूरकर रेडिओपाशी बसत नसे; तो बसे ती अमान्य करण्याचा मजकूर जमविण्यासाठी. खपावरून श्रेष्ठत्व ठरते काय, शब्द श्रेष्ठ की चाल, एका गाण्याच्या जोरावर सगळा चित्रपट तरावा काय, लोकप्रिय चालीत रागाची बूज राखली आहे की नाही, असे मुद्दे एकेक करून पुढे येत. नागपूरची वस्तीही या वादाला अनुकूल होती. मराठीभाषक श्रोता नाट्यपद आणि अभंग यांच्या संस्कारात वाढलेला. हिंदीभाषक श्रोता कवित्त, कजरी आणि गझल यांच्या. आणि दोघेही एकाच ठेल्यासमोर उभे. त्यामुळे साहिर आणि शकील यांच्या काव्यगुणांची तुलना येथे ज्या अधिकाराने होई, त्याच अधिकाराने बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांच्या गायकीची होई. आणि पुण्यामुंबईच्या श्रोत्याला ज्या दोन दालनांत वेगवेगळे बसावे लागे, ती येथे एकाच छताखाली होती.

आता १९६७ सालाकडे वळू. हिंदी चित्रपटसंगीताच्या दृष्टीने त्या सालाची कैफियत अशी. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा ‘मिलन’ लोकप्रियतेत सर्वांच्या पुढे होता. त्यातील लता मंगेशकर आणि मुकेश यांचे पावसाळी युगुलगीत ‘गीतमाले’च्या वार्षिक यादीत पहिले आले, आणि फिल्मफेअरचे संगीतदिग्दर्शनाचे पारितोषिकही याच चित्रपटाला लाभले. सचिनदेव बर्मन यांचा ‘ज्वेल थीफ’ वाद्यमेळाच्या चातुर्यात आणि चालींच्या वैविध्यात सरस होता. त्यातील बहुतेक गीते मजरूह यांची असली, तरी एक गीत १४ डिसेंबर १९६६ रोजी निवर्तलेल्या शैलेंद्र यांचे होते. रवी आणि साहिर यांचा ‘हमराज’, कल्याणजी-आनंदजी यांचा ‘उपकार’, शंकर-जयकिशन यांचा ‘अॅन इव्हनिंग इन पॅरिस’, नौशाद यांचे ‘पालकी’ आणि ‘राम और श्याम’, मदनमोहन यांचा ‘नौनिहाल’, हे सारे त्याच सालचे. आणि या सर्वांच्या बाजूला, फारसा गाजावाजा न करता, रोशन यांचा ‘बहू बेगम’ उभा होता. लखनवी अदब, साहिरची रेखीव भाषा आणि रागाच्या मर्यादेत राहून साधलेली आर्जवी चाल यांचा तो संगम. १६ नोव्हेंबर १९६७ रोजी रोशन यांचे अकस्मात निधन झाले, आणि निवाड्यासाठी बसलेल्यांच्या तराजूत हळहळीचेही वजन पडले. ते पडावे की न पडावे, हाही एक स्वतंत्र वादविषय होय.

पण त्या सालाचे खरे वैशिष्ट्य उमेदवारांपेक्षा पंचांमध्ये आहे. चित्रपटांच्या राष्ट्रीय पारितोषिकांत संगीतदिग्दर्शक आणि पार्श्वगायक यांचा समावेश प्रथमच १९६७ सालच्या चित्रपटांपासून झाला. गायनाचा मान ‘उपकार’मधील देशभक्तिपर गीतासाठी महेंद्र कपूर यांना मिळाला, संगीताचा मान ‘कंदन करुणै’ या तमिळ चित्रपटासाठी के. व्ही. महादेवन यांना. फिल्मफेअरने त्याच सालापासून पुरुष आणि स्त्री पार्श्वगायकांचे पारितोषिक वेगळे केले. पुरुषांत पुन्हा महेंद्र कपूरच निवडले गेले, परंतु ‘हमराज’साठी, आणि स्त्रियांत ‘दस लाख’साठी आशा भोसले. एकाच सालासाठी, एकाच गायकाच्या बाबतीत, दोन न्यायासनांनी दोन निराळी गाणी श्रेष्ठ ठरवावीत आणि तिसऱ्याने, म्हणजे गीतमालेने, तिसऱ्याच गाण्याला पहिला क्रमांक द्यावा. यावरून अशा निकालांचे स्वरूप पुरेसे स्पष्ट होते. शिवाय महादेवन यांचा तमिळ चित्रपट ऐकलेला माणूस सीताबर्डीवर शोधूनही सापडला नसता. म्हणजे देशाने ज्याला प्रथम क्रमांक दिला, तो उमेदवार येथील कज्ज्यात हजरच नव्हता.

त्याच सालाच्या उत्तरार्धात नागपूरचे नाव नभोवाणीच्या इतिहासात एका निराळ्या कारणाने नोंदले गेले. अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या शिफारशीला अनुसरून सरकारने नभोवाणीवर जाहिराती घेण्याचे ठरविले, आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी प्रयोगादाखल मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली. पंधरा वर्षांपूर्वी ज्या खात्याने चित्रपटगीत उंबऱ्याबाहेर ठेवले होते, तेच खाते आता त्या गीताच्या आधाराने साबण आणि तेल विकण्यास बसले. या घटनेकडे उपहासाने पाहणे सोपे आहे. परंतु राजधानीचा मान गमावलेल्या शहराची मुंबई-पुण्याच्या बरोबरीने निवड व्हावी, याचे समाधान येथे कमी नव्हते. आणि तेव्हापासून गाण्याचा निवाडा करणारांत जाहिरातदार हा एक चौथा पंच दाखल झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

समुद्रापलीकडे त्या वेळी काय चालले होते, याची वार्ता नागपुरात तुरळक पोहोचे. सदर या भागातील अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती कुटुंबांत आणि महाविद्यालयीन तरुणांच्या एका लहान वर्तुळात. १९६७ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या बीटल्स या चौकडीने ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ हा संच प्रसिद्ध केला. सुटी गाणी गोळा करून तबकडी भरण्याऐवजी सबंध तबकडी हीच एक कृती मानावी, हा विचार या संचामुळे सर्वतोमुखी झाला. त्यातील जॉर्ज हॅरिसन यांचे गीत तर सितार, दिलरुबा आणि तबला यांच्या साथीवर उभे होते. त्याच जून महिन्यात पंडित रविशंकर यांनी कॅलिफोर्नियातील मॉंटेरीच्या महोत्सवात हजारो तरुणांना दुपारभर शांत बसविले. आणि येहुदी मेनुहिन यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ या ध्वनिमुद्रिकेला १९६८ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच समारंभात सालातील सर्वोत्तम संचाचा मान ‘सार्जंट पेपर्स’ला लाभला. बीटल्सच्या तबकड्या काढणारी ईएमआय आणि आपली हिज मास्टर्स व्हॉइस या एकाच घराण्याच्या शाखा. परंतु लंडनच्या शाखेने ज्या कल्पनेचा झेंडा फडकाविला, तिची जाण दमदमच्या शाखेला नव्हती असे मात्र समजू नये.

कारण त्याच सुमारास हिज मास्टर्स व्हॉइसने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा संच काढला. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस केवळ वाद्यांतून सांगावयाचा, ही त्यामागील कल्पना. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. अहीर भैरवाने सकाळ उजाडावी आणि पहाडीने दिवस मिटावा, अशी मांडणी. आल्बम या शब्दाचा जो अर्थ विलायतेत रूढ होत होता, त्याच अर्थाने हा सर्वांगपूर्ण आल्बम होय. आणि त्याचा मूळ विचार येथील समयरागाच्या तत्त्वातून आलेला असल्यामुळे त्याला अनुकरणाचा कलंक लागत नाही. त्याच्या निर्मितीची जबाबदारी जी. एन. जोशी या मराठी गायक-अधिकाऱ्याकडे होती. वऱ्हाडातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तिशीच्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गाऊन ज्यांनी मराठी भावगीताची वाट मोकळी केली, तेच हे जोशी. तीन मिनिटांच्या तबकडीत वऱ्हाडची कविता बसविणारा मनुष्य पुढे चाळीस मिनिटांच्या तबकडीत मेंढपाळाचा दिवस बसवितो, हा योगायोग नव्हे. दोन्ही ठिकाणी माध्यमाचे माप ओळखून त्यातून रूप घडविण्याची एकच बुद्धी काम करते.

आणि मग सालाचा शेवटचा आठवडा आला. ११ डिसेंबरच्या कोयनेच्या भूकंपाने महाराष्ट्र हादरला होता, त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. २४ डिसेंबर १९६७ रोजी नाट्यसंपदा या संस्थेने ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्याचे लेखक आणि दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे. याच शहरात १९२६ साली त्यांचा जन्म झाला. येथेच ते शिक्षक झाले आणि सर्वांचे ‘मास्तर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. येथेच त्यांनी रंजन कला मंदिर ही संस्था उभारली, मुलांची रंगभूमी जोपासली आणि आकाशवाणीसाठी लिहिले. खाँसाहेब आफताब हुसेन यांची प्रमुख भूमिका ज्यांनी केली, ते वसंतराव देशपांडे यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूरचा, परंतु त्यांचे बालपण नागपुरातले आणि गाण्याचे पहिले धडेही येथेच शंकरराव सप्रे यांच्यापाशी घेतलेले. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा, पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यातील कारकुनी, आणि सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा विविध घराण्यांच्या गुरूंकडून मिळविलेली विद्या, असा त्यांचा प्रवास. एका घराण्याच्या शिक्क्यात न बसणारा हा गवई त्याआधी वर्षानुवर्षे हिशेबाची खतावणी लिहीत होता, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला अशी भूमिका लाभली की, जिच्यात हे सारे संचित एका रात्रीत रंगमंचावर मांडता यावे.

संगीतकार जितेंद्र अभिषेकी हे गोव्यातील मंगेशीचे. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून त्यांनी नाट्यपदाला नवे वळण दिले होते, पदांची संख्या आणि लांबी आटोक्यात आणून, कथानकाला अडवून न ठेवता पुढे नेणारी चाल त्यांनी रूढ केली. ‘कट्यार’मध्ये त्यांच्यापुढील प्रश्न अधिक अवघड होता. दोन भिन्न गायकी, एक खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडित भानुशंकर यांची शांत, शब्दाला जपणारी, आणि दुसरी खाँसाहेबांची आक्रमक, तानांनी तळपणारी. श्रोत्याला भेद क्षणात कळला पाहिजे, आणि दोहोंपैकी एकही हलकी वाटता कामा नये. पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर, शिष्य सदाशिव म्हणून प्रसाद सावकार, झरीनाच्या भूमिकेत फैयाज आणि कविराज बाँकेबिहारी म्हणून प्रभाकर पणशीकर. अशा संचातून अभिषेकी यांनी ज्या पदांची रचना केली, तिच्यात घराण्यांचा तौलनिक अभ्यास आणि नाटकाचा प्राण एकजीव झालेले दिसतात. पुढे त्या पदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. आणि नाटक न पाहिलेल्या माणसालाही केवळ पदांच्या क्रमावरून संघर्षाची चढण जाणवते, इतकी ती बांधणी घट्ट आहे.

या नाटकाचा विषय आपल्या प्रस्तुत कज्ज्याच्या दृष्टीने विलक्षण समर्पक आहे. विश्रामपूरच्या दरबारात दरसाल गायनाची स्पर्धा होते. विजेत्याला राजगायकाचे पद, हवेली आणि नाटकाच्या नावातील ती कट्यार मिळते. वर्षानुवर्षे पराभूत झालेले खाँसाहेब अखेरीस जिंकतात, परंतु तो विजय प्रतिपक्ष मूक राहिल्याने मिळालेला असतो. फैसला झाला, सनद मिळाली, हवेली ताब्यात आली; पण गाण्याचा प्रश्न सुटला नाही, उलट तेथूनच नाटक सुरू झाले. सालाबादच्या निकालांनी गजबजलेल्या, तीन-तीन पारितोषिकांची भर पडलेल्या त्या १९६७ सालाच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या एका मास्तराने दरबारी निवाड्याचे वैयर्थ्य रंगमंचावर मांडावे, यापरते त्या सालाचे मार्मिक भाष्य दुसरे कोणते?

आता कालमर्यादेचा मुद्दा. ‘कट्यार’ रंगमंचावर आले तेव्हा सालाचे सात दिवस उरले होते. त्या सालाचा हिशेब मांडणाऱ्या कोणाच्याही खात्यात ते जमा होणे शक्य नव्हते; गीतमालेच्या अधिकारक्षेत्रात मराठी नाटक येतच नव्हते, राष्ट्रीय पारितोषिके चित्रपटांपुरती होती. आणि तरी पन्नास वर्षांनंतर मागे वळून पाहता, त्या सालातील मराठी संगीताचे नाव घ्या म्हटले की प्रथम हेच आठवते. २०१० साली वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आणले, आणि २०१५ साली त्यावर आलेल्या चित्रपटाने नव्या पिढीला त्या पदांकडे वळविले. त्याच १९६७ साली नागपूरचे कवी ग्रेस यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. कवितेला दुर्बोध म्हणून नाके मुरडणारे त्या काळी पुष्कळ होते, परंतु पुढे हृदयनाथ मंगेशकर यांनी ग्रेस यांच्या कवितांना चाली लावल्या, आणि छापील पानावर अडलेला वाचक गाण्यात मात्र अडला नाही. एका सालाचे संगीत त्या सालात पुरे होत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला हवा कशाला?

तबकडीवर न उतरलेल्या संगीताचीही नोंद येथे केली पाहिजे. तसे न केले तर हा सर्व विचार सीताबर्डी आणि धरमपेठेपुरता राहील. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपुरात दर विजयादशमीला दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटे, त्यात गाण्यांच्या पुस्तिका हातोहात खपत. वामनदादा कर्डक यांची गीते गावोगावच्या गायनपार्ट्यांच्या तोंडी होती. आणि वस्त्यावस्त्यांत रात्र रात्र चालणारे कव्वालीचे सामने हा तर श्रेष्ठत्वाचा निवाडा समोरासमोर करण्याचा रोकडा प्रकार होता. तेथे पंच म्हणजे मांडी घालून बसलेला समाज. सवालाला जबाब देता आला नाही की निकाल त्याच क्षणी. पूर्वेकडे भंडारा-चंद्रपूरच्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत यांचेही असेच. यांतील बहुतांश संगीत १९६७ च्या कोणत्याही सूचीत नाही, कारण ते ध्वनिमुद्रित करावे असे बाजाराला वाटले नाही. तेव्हा तबकड्यांची यादी ही त्या सालाच्या संगीताची यादी नसून, त्या सालच्या बाजाराने जे जतन केले त्याची यादी आहे, हा भेद निवाडा करणाराने कधीही दृष्टीआड करू नये.

एवढी कैफियत मांडल्यावर कौल देण्याचे टाळणे हे भित्रेपणाचे होईल. माझ्या मते १९६७ सालाचा अग्रमान ‘कट्यार काळजात घुसली’च्या पदांना द्यावयास हवा, कारण त्यांत शास्त्र, नाट्य आणि लोकांची आवड या तिन्ही गोष्टी एकमेकींना न जुमानता नव्हे, तर एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत, दुसरा मान ‘कॉल ऑफ द व्हॅली’ला, कारण तबकडीच्या मापाचे सौंदर्य त्या संचाने आपल्याकडे प्रथम पूर्णपणे ओळखले, आणि चित्रपटांपैकी ‘बहू बेगम’ला, रोशन यांच्या निधनाची हळहळ वजा करूनही. नागपूरच्या अभिमानाने मी पहिल्या क्रमांकाकडे झुकलो, असा आक्षेप कोणी घेईल, तर त्याला उत्तर इतकेच की, अभिषेकी मंगेशीचे, आचरेकर आणि सावकार यांचे संस्कार निराळ्या गावांचे, आणि वसंतरावांवर मूर्तिजापूर, पुणे व लाहोर यांचाही तितकाच हक्क. या कृतीवर एका गावाचा सातबारा चढत नाही, आणि न चढणे हेच तिच्या श्रेष्ठत्वाचे एक कारण आहे.

कारखानदाराला विक्रीचे, जाहिरातदाराला श्रोत्यांचे आणि सरकारला पारितोषिकांचे हिशेब ३१ डिसेंबरला मिटवावे लागतात. त्यांनी ते खुशाल मिटवावेत. श्रोत्यावर तशी सक्ती नाही. त्याने अपिलाची मुदत खुली ठेवावी, नवा पुरावा पुढे आला की जुना निकाल फिरविण्यास लाजू नये, आणि कोणी वरील क्रम उलटा लावू म्हणेल तर त्याला प्रथम ते तिन्ही संगीतसंच सलग ऐकण्याची अट घालावी. त्या अटीतच या जुन्या वादाची सगळी उपयुक्तता आहे; कारण ती पाळली गेली की, कौल कोणाच्याही बाजूने लागो, त्या दिवशी कोणीतरी लक्षपूर्वक गाणे ऐकलेले असते.